नोंदीला धनी हवा

डेटाबेस बंद पडल्याचा फोन आला की मी सगळ्यात आधी विचारते, डिस्कवर जागा किती उरली आहे? पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. मी काहीतरी अवघड विचारेन, क्वेरीबद्दल किंवा नेटवर्कबद्दल, अशी त्याची अपेक्षा असते. पण अमरावती आणि अकोल्यातल्या पतसंस्था, रुग्णालयं, जिनिंग आणि महाविद्यालयांचे सर्व्हर सांभाळताना मला कळलं ते असं, की ऐन कामाच्या दिवशी अख्ख्या संस्थेचं काम ठप्प करणारं कारण बहुधा फार साधं असतं. कुठलीतरी फाइल रोज थोडी थोडी वाढत राहते, तिच्याकडे बघणं कोणाच्याच कामात बसत नाही, आणि एक दिवस डिस्क भरते.

हे लहान गावातच घडतं असं कोणी समजू नये. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले सगळे, म्हणजे चौदाही कारखाने थांबले. सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणारे सर्व्हर चालेनात म्हणून गाड्यांचं उत्पादनच थांबलं. पुढे ६ सप्टेंबरला कंपनीने कारण जाहीर केलं. २७ ऑगस्टला देखभालीचं काम चालू होतं, डेटाबेसमध्ये साठलेला डेटा काढून नीट लावला जात होता, आणि त्यातच डिस्कची जागा अपुरी पडली. पर्यायी सर्व्हर होता, पण तो त्याच यंत्रणेवर होता, त्यामुळे त्याचीही तीच गत झाली. जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवल्यावर कारखाने सुरू झाले. ही हकीकत मी प्रत्येक नव्या संस्थेत सांगते, कारण तिच्यात एक गोष्ट आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही: साफसफाई करायलासुद्धा मोकळी जागा लागते. डिस्क काठोकाठ भरल्यावर झाडू हातात घेऊन उपयोग नसतो.

डेटाबेस सर्व्हर दोन प्रकारचं लिखाण करतो. एक म्हणजे आपला डेटा: खातेदार, रुग्ण, वजन, गुण. दुसरं म्हणजे त्याची स्वतःची रोजनिशी, म्हणजेच लॉग. कोण जोडला गेला, कोणती चूक झाली, कधी बंद पडलो, कधी उठलो, डिस्ककडून उत्तर यायला उशीर का झाला, हे सगळं तो लिहीत असतो. पहिल्या लिखाणाचा बॅकअप घ्यायला हवा हे आता सगळ्यांना पटलं आहे. दुसऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी कोणी धनीच नसतो. ते दिसतं फक्त जागा संपल्यावर, आणि तेव्हा सगळ्यांना एकच सुचतं: उडवून टाका.

अकोल्याकडच्या एका जिनिंगमधला प्रसंग सांगते. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागात फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचं वजन होतं, कापूस उतरला की रिकाम्या गाडीचं होतं, आणि दोन्हींच्या वजाबाकीवर काटापावती निघते. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या कागदावर क्विंटलमध्ये उतरतात. त्या दिवशी सकाळी काट्यावरच्या माणसाचा फोन आला. "ताई, काटा वजन दाखवून राह्यला, पण पावती निघून नाही राह्यली. गाड्या पार रोडपर्यंत गेल्या." मागून ट्रॅक्टरांचे आणि माणसांचे आवाज येत होते.

तिथे पोस्टग्रेस हा डेटाबेस होता. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांच्या माणसाने हंगामाआधी चाचणी करताना प्रत्येक विधान, म्हणजे डेटाबेसला दिलेली प्रत्येक आज्ञा, लॉगमध्ये लिहिण्याची सूचना सर्व्हरला दिली होती. चाचणीपुरती ती योग्यच होती. चाचणी संपल्यावर ती मागे घ्यायची राहून गेली. काट्याचा स्क्रीन सेकंदा-सेकंदाला सर्व्हरला विचारत होता आणि सर्व्हर प्रत्येक प्रश्न लिहून ठेवत होता. पोस्टग्रेस आपल्या लॉगची नवी फाइल दिवस बदलला की उघडतो, किंवा चालू फाइल १० एमबीची झाली की उघडतो, पण जुनी फाइल स्वतःहून कधीच काढत नाही. ते काम माणसाचं आहे. लॉगचं फोल्डर डेटाच्याच डिस्कवर होतं. शेवटी व्यवहाराची नोंद लिहायला जागा उरली नाही, आणि सर्व्हरने स्वतःला बंद करून घेतलं. लोक याला सर्व्हर कोसळला म्हणतात. माझ्या लेखी त्याने बरोबर केलं. ज्या वजनाची पक्की नोंद होऊ शकत नाही, त्याची पावती त्याने दिली नाही.

मी अकोल्याला पोचेपर्यंत काट्यावर हातानं पावत्या फाडणं सुरू झालं होतं. संगणक नव्हता तेव्हाची वही तिथल्या मुनीमजींनी कपाटात जपून ठेवली होती, आणि त्या वहीमुळे एकही गाडी परत गेली नाही. रस्त्यातच दुसरा फोन आला होता. "ताई, पीजी वॉल नावाचं फोल्डर लय मोठं दिसते. लॉगच असन ना ते? उडवू का?" मी जवळजवळ ओरडलेच, हात लावू नका म्हणून. त्या फोल्डरमध्ये असते ती व्यवहारांची नोंद, जिच्या आधारावर सर्व्हर पुन्हा उठतो. ती पुसली तर पोस्टग्रेस कदाचित उठणारच नाही, आणि उठला तरी त्याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. जगभर इतक्या लोकांनी ही चूक केली, की ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत पोस्टग्रेसच्या मंडळींनी त्या फोल्डरचं नावच बदललं. आधीच्या नावात लॉग हा शब्द होता, आणि डिस्क भरली की बिचाऱ्या प्रशासकाचा हात पहिला तिथेच जायचा. आमच्या काट्यावरच्या माणसाने निदान विचारलं, याचं मला फार मोल वाटलं.

जुन्या लॉगच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या, सर्व्हर उठला, पावत्या निघू लागल्या. काम संपलं असं तिथल्या सगळ्यांना वाटलं. मी मात्र हलवलेल्या फाइली उघडून वाचायला बसले, आणि खरा घोर तिथे लागला. प्रत्येक विधान लिहिलं जात होतं, म्हणजे शेतकऱ्याची नोंद करतानाचं विधानही जसंच्या तसं लिहिलं जात होतं. नाव, गाव, मोबाइल, आधार क्रमांक, बँकेचं खातं. डेटाबेसच्या आत हे सगळं पासवर्डमागे होतं. लॉगचं फोल्डर मात्र अहवाल बघण्याच्या सोयीसाठी कार्यालयातल्या सगळ्या संगणकांना खुलं केलेलं होतं. दार कुलूपबंद आणि घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी बाहेर ओसरीवर, असा प्रकार. एवढंच नव्हे, नवा वापरकर्ता तयार करताना दिलेला पासवर्डही त्यात सरळ वाचता येत होता.

यात मोठमोठ्या कंपन्याही सापडल्या आहेत. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची विनंती केली, कारण आतल्या एका लॉगमध्ये पासवर्ड झाकले न जाताच लिहिले जात होते. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनेही तसंच मान्य केलं. तिथे नंतर शोधाशोध करायला माणसांच्या फौजा असतात. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये एक संगणक चालवणारा मुलगा असतो, आणि हंगामात त्याला जेवायला वेळ मिळत नाही.

त्या दिवसापासून कुठल्याही सर्व्हरवर लॉगचा आकार बघायच्या आधी मी लॉगच्या शंभर-दोनशे ओळी वाचते. त्यात काय लिहिलं जातंय, ते कोणाकोणाला दिसतंय, हे आधी. किती जागा खाल्ली, हे नंतर. लॉग डेटापासून वेगळ्या विभागात ठेवते, म्हणजे तो भरला तरी व्यवहार थांबत नाहीत. प्रत्येक विधान लिहिण्याऐवजी फक्त ठरावीक वेळेपेक्षा जास्त रेंगाळलेली विधानं लिहायला सांगते. जिनिंगमध्येही तेच केलं, आणि ते फोल्डर दोनच माणसांपुरतं ठेवलं.

डिस्क भरल्याची सगळी प्रकरणं सारखी दिसतात, असतात मात्र वेगवेगळी. अमरावतीतल्या एका रुग्णालयात ओरॅकलवर प्रशासक म्हणून लॉगिनच होईना. ओआरए-०९९२५, ऑडिटची फाइल तयार करता येत नाही, डिस्कवर जागा नाही. पण डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी दिसत होती. तिथला तंत्रज्ञ चक्रावून गेला होता. डिस्कवर जागा दोन प्रकारांनी संपते. एक म्हणजे बाइट संपतात. दुसरं म्हणजे आयनोड संपतात, म्हणजे फाइलींची नोंद करायची खाती संपतात. फाइल केवढीही चिमुकली असो, एक खातं अडवतेच. तिथे देखरेखीसाठी एक स्क्रिप्ट लावलेली होती, ती दर मिनिटाला सर्वोच्च अधिकाराने डेटाबेसमध्ये शिरून तो जिवंत आहे का ते पाहत होती. सर्वोच्च अधिकाराने कोणी आत आलं की ओरॅकल त्याची स्वतंत्र फाइल लिहितो, आणि ते त्याने लिहायलाच हवं. दर मिनिटाला एक, म्हणजे वर्षाला ५,२५,६०० फाइली. सर्व्हर बरा आहे ना हे पाहणाऱ्यानेच त्याला आजारी पाडलं होतं. त्या स्क्रिप्टला सर्वोच्च अधिकाराची गरजच नव्हती. फक्त जोडणी करून एक साधं विधान चालवू शकेल असा वापरकर्ता तिला दिला, आणि जागेचा प्रश्न अधिकाराच्या बाजूने सुटला.

त्याच रुग्णालयात माझ्या आधी कोणीतरी एक अवाढव्य लॉग आरएम आज्ञा देऊन उडवला होता, तरी जागा सुटली नव्हती. लिनक्समध्ये चालू प्रक्रियेने उघडून ठेवलेली फाइल पुसली, तर यादीतून नाव जातं, पण प्रक्रिया ती फाइल सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. फाइल दिसत नाही आणि जागाही मिळत नाही, अशी दुहेरी पंचाईत होते. चालू लॉग पुसायचा नसतो. तो बाजूला घेऊन नवा सुरू करायचा असतो, किंवा आतून रिकामा करायचा असतो.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला बसले तो सांगते. गाव सांगत नाही, संस्थाही नाही.

एका पतसंस्थेत एका ठेवीदाराची मुदत ठेव मुदतीआधी मोडल्याची नोंद निघाली. ठेवीदार म्हातारा माणूस, शेतकरी. तो म्हणाला, मी मोडलीच नाही. पैसे त्याच्याच बचत खात्यात जमा झाले होते, कोणी पळवले नव्हते, पण व्याज बुडालं होतं आणि विश्वासही. नोंदीपुढे वापरकर्त्याचं नाव होतं शाखेतल्या ज्येष्ठ रोखपालबाईंचं. त्यांना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणते. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, सचोटीबद्दल कधी कोणी शब्द काढला नव्हता. संचालक मंडळाच्या बैठकीत त्यांना उभं करून विचारलं गेलं. त्यांचं एकच उत्तर होतं. "नोंद संध्याकाळी आठची हाय ना? मी सहालेच घरी जातो बाप्पा. आठ वाजता मी पोळ्या लाटत असतो." पण नोंदीत नाव त्यांचं होतं, आणि संगणक खोटं बोलत नाही असं मंडळातल्या काही जणांना मनापासून वाटत होतं.

संगणक खोटं बोलत नाही हे खरंच. त्याला जे सांगितलं तेच तो लिहितो. काकूंचा पासवर्ड शाखेत सगळ्यांना माहीत होता, कारण त्या रजेवर असल्या की काम अडू नये म्हणून तो काउंटरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. व्यवस्थापकांनीच तसं सांगितलं होतं. अशा ठिकाणी ते नाव एका माणसाचं राहत नाही, काउंटरचं होतं. त्याआडून कोणीही काम करू शकतं, आणि जबाब द्यायची वेळ आली की पुढे मात्र एकच माणूस उभा राहतो.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मला तिथे वेगळ्याच कामासाठी बोलावलं होतं. डिस्क भरत आली होती आणि देखभालीच्या कंत्राटदाराने यादी पाठवली होती, अमुक अमुक फाइली उडवा. यादीत सगळ्यात वर होता ओरॅकलच्या लिसनरचा लॉग. कित्येक वर्षांत कोणी न हलवलेला, काही जीबींचा. लिसनर म्हणजे डेटाबेसच्या दारावरचा पहारेकरी. आत येणाऱ्या प्रत्येक जोडणीची ओळ तो लिहितो. कधी आला, कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, यंत्राचं नाव काय, प्रोग्राम कोणता. आत जाऊन त्याने काय केलं हे लिसनरला माहीत नसतं. काकूंची गोष्ट कानावर आली होती म्हणून मी अध्यक्षांना म्हटलं, ही फाइल वाचून झाल्याशिवाय मी पुसणार नाही. ते म्हणाले, वाचा.

त्या संध्याकाळच्या ओळी काढल्या. शाखेतले संगणक सहाच्या सुमारास शांत झालेले दिसत होते. त्यानंतर नोंदीच्या वेळेच्या आसपास एकच जोडणी होती, आणि तिचा आयपी पत्ता शाखेतला नव्हता. तो होता दुरून मदत देण्यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांना दिलेल्या मार्गाचा. यंत्राचं नाव आणि प्रोग्राम ही माहिती समोरचा संगणक स्वतः सांगतो, ती बनावटही असू शकते, म्हणून तिच्यावर मी भर दिला नाही. पत्ता मात्र सर्व्हरने स्वतः पाहिलेला असतो. सर्व्हरचं घड्याळ काही मिनिटं पुढे होतं, तो फरक जुळवून बघावा लागला. तरी चित्र स्पष्ट होतं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या माणसाने मग स्वतःच सांगितलं: ठेवींच्या हिशोबातली दुरुस्ती तो चाचणीच्या डेटाबेसवर तपासत होता, निदान त्याची तशी समजूत होती. प्रत्यक्षात तो चालू डेटाबेसमध्ये होता. मदतीसाठी शाखेने त्याला जो पासवर्ड दिला होता, तो काकूंचा होता.

ठेव पूर्ववत झाली, व्याजही मिळालं. मंडळाने काकूंना लेखी पत्र दिलं. पत्र हातात घेऊन त्या माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, "बाई, ते जे लिहून ठेवते म्हणता तुमी, ते पुसलं असतं तं?" त्याचं उत्तर मला त्यांच्यापुढे देता आलं नाही. पुसलं असतं तर त्यांच्याकडे पोळ्यांशिवाय दुसरी साक्ष नव्हती.

तो लॉग कोणी विचारपूर्वक जपला नव्हता. ओरॅकलची २००७ मध्ये आलेली ११जी आवृत्ती निदानाच्या फाइली एका भांडारात ठेवते आणि जुन्या झाल्या की आपोआप काढते. चूक झाली की तयार होणाऱ्या ट्रेस फाइली साधारण ७२० तासांनी, म्हणजे ३० दिवसांनी जातात. गंभीर घटनांच्या नोंदी ८,७६० तासांनी, म्हणजे वर्षाने. लिसनरचा साधा मजकुराचा लॉग मात्र त्या आपोआप सफाईत येत नव्हता, म्हणून तो वाढत राहिला, म्हणून तो सापडला. एका बाईची अब्रू अशा अपघाताने वाचावी ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

नोंदी किती काळ ठेवायच्या हे आपल्या प्रशासनाला नवीन नाही. महाराष्ट्रातल्या शासकीय कार्यालयांत अभिलेखांचं वर्गीकरण पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे: अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, त्याखाली क वर्ग, आणि ड वर्ग वर्षभराचा. तहसिलीतल्या अभिलेख कक्षात लाल रुमालात बांधलेले गठ्ठे पाहिले आहेत का? त्यांवर वर्ग लिहिलेला असतो, नष्ट करायचा दिवस ठरलेला असतो, आणि नष्ट करताना अधिकाऱ्याची सही लागते. कारकुनाला जागा कमी पडली म्हणून तो अ वर्गाचा गठ्ठा जाळू शकत नाही. सर्व्हरच्या नोंदींना मी हीच शिस्त लावते. व्यवहारांचं ऑडिट संस्थेच्या लेखापरीक्षणाला लागतं, ते सगळ्यात जास्त टिकवायचं. कोण कधी आत आलं याचे लॉग त्याखालोखाल. चूक घडताना तयार झालेले ट्रेस, मेमरीचे डंप यांचा उपयोग दोष सापडेपर्यंतच. ते जागाही प्रचंड खातात आणि त्यांत ग्राहकांची माहितीही असू शकते, म्हणून ते लवकर घालवायचे. हे सगळं एका कागदावर लिहून त्यावर संस्थाप्रमुखाची सही घेते. सही मागितली की लोक प्रथमच तो कागद वाचतात.

कायद्यानेही आता काही गोष्टी ठरवून दिल्या आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांपर्यंतचे उपलब्ध ठेवावे लागतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि सर्व्हरची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळाची ही अट लोकांना क्षुल्लक वाटते. काकूंच्या प्रकरणात काही मिनिटांचा फरक समजावून सांगायला मला अर्धी बैठक लागली होती. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांत तर वैयक्तिक माहितीशी संबंधित लॉग किमान वर्षभर ठेवण्याची अपेक्षा आहे. ओरॅकलची आपोआप सफाई मात्र हा हिशोब ओळखत नाही. म्हणजे मूळ मांडणीवर विसंबून राहिलं तर जे हवं ते गेलेलं असेल आणि जे नको ते वाढत असेल. यंत्र विकत घेताना सोबत धोरण मिळत नाही, ते आपणच लिहावं लागतं.

हाताने सफाई करणाऱ्यांसाठी एक इशारा इथेच देऊन ठेवते. ओरॅकलच्या भांडाराची सफाई करणारी आज्ञा अवधी मिनिटांत घेते. धोरण तासांत लिहायचं आणि आज्ञा मिनिटांत द्यायची. तीस दिवसांच्या समजुतीने तीस हा आकडा दिला, तर अर्ध्या तासापूर्वीचं सगळं जातं. ३० दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटं. एका महाविद्यालयात ऐन निकालाच्या तोंडावर कोणीतरी असं केलं होतं, आणि सर्व्हर रात्री का पडत होता याचा पुरावा त्याच आज्ञेने गेला.

वाचलेले लॉग काय देतात याचंही एक उदाहरण. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. रविवारी कार्यालय बंद, वीज गेली, परत आली, पण एसी पुन्हा सुरू झाला नाही. सर्व्हर मात्र यूपीएसवर चालूच. सोमवारी सगळं ठीक दिसतं. लॉगमध्ये मात्र डिस्कवर लिहायला लागणारा वेळ वाढलेला दिसतो, एखादा ब्लॉक दुसऱ्या प्रयत्नात वाचला गेल्याची ओळ दिसते. ती ओळ मे महिन्यात वाचली तर डिस्क बदलता येते. जूनमध्ये, महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या गर्दीत, ती डिस्क स्वतःच सांगते.

अधिकारांबाबत मी आता हट्टी झाले आहे. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचा वापरकर्ता, मग शाखेत तीनच माणसं का असेनात. रजेवर जाणाऱ्याचं काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर अधिकार द्यावा, पासवर्ड देऊ नये. सॉफ्टवेअरवाल्यांचं खातं एरवी कुलूपबंद. लेखी विनंती आली की ठरावीक तासांसाठी उघडायचं आणि काम झालं की बंद. ओरॅकलमध्ये ११जीपासून पासवर्डची मुदत मुळातच १८० दिवसांची असते. एखाद्या रात्री ॲप्लिकेशनच्या खात्याची मुदत संपून सगळं बंद पडतं, आणि मग वैतागून लोक सगळ्यांचीच मुदत अमर्याद करून टाकतात. ॲप्लिकेशनच्या खात्याला वेगळे नियम लावावेत, माणसांचे नियम सैल करू नयेत. दर तिमाहीला व्यवस्थापकांसोबत बसून वापरकर्त्यांची यादी मोठ्याने वाचते. हे कोण? ते तर नागपूरला गेले ना. आणि हे? ते वारले. गेलेल्या माणसाचं खातं चालू असणं हा कुटुंबाच्या दुःखापलीकडे संस्थेचाही प्रश्न असतो, आणि तो बोलून दाखवायला संकोच करून चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट मी माझ्यावर घालून घेतली आहे. लॉगची एक प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर जाते, आणि तिथे मला वाचायचा अधिकार आहे, पुसायचा नाही. डेटाबेसमध्ये माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नसतो, म्हणून माझ्या कामाची नोंद माझ्या हाताबाहेर असली पाहिजे. पहिल्यांदा हे सुचवलं तेव्हा एका संचालकांनी विचारलं, मॅडम, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, मग हे कशाला? मी म्हटलं, काकूंवरही होताच ना.

अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बडनेऱ्यात आणि अकोल्याजवळ बाभूळगावला १९८३ पासून खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. या भागातली हुशार मुलं पुण्याला, हैदराबादला जाऊन परदेशातल्या बँकांचे डेटाबेस सांभाळतात. जावंच. पण त्यांच्या आईवडिलांची ठेव, त्यांच्या घरच्या कापसाची काटापावती, आजीच्या तपासणीचे अहवाल हे सगळं इथल्याच सर्व्हरांवर आहे. इथे राहिलेल्या मुलांना मी एवढंच सांगते, की लॉग वाचायला शिका. त्यासाठी मोठं प्रमाणपत्र लागत नाही, रोज सकाळची दहा मिनिटं लागतात.

आणि पतसंस्थेचे अध्यक्ष, जिनिंगचे मालक, डॉक्टर, प्राचार्य, ज्यांच्यापर्यंत हा लेख पोचेल त्यांना विनंती आहे. उद्या आपल्या संगणक सांभाळणाऱ्या माणसाला बोलावून विचारा, की डिस्कवर जागा किती आहे, मागच्या सहा महिन्यांचे लॉग कुठे आहेत आणि ते पुसायचा अधिकार कोणाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका नावात आलं नाही, तर ते नाव त्याच दिवशी ठरवा, लेखी आदेश काढा, आणि त्या आदेशात तो माणूस रजेवर असताना जबाबदारी कोणाची हेही लिहा.